दोन कॅमेऱ्यांतून तिसऱ्या कोनातला चेहरा : दंडारीच्या कलावंतांचं काम आहे, जाणकारांनी बोलावं

झाडीचा_कॅमेरा

मंडळी नमस्कार. मी नागभीडकडचा. लग्नं, बारशी, नाटकं यांच्या शूटिंगवर घर चालतं. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दंडारीत गाणं, नाच, सोंग तिन्ही असतं, आणि जुना कलावंत निम्मं काम चेहऱ्यानेच करतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीच्या रंगभूमीकडे बाहेरच्या लोकांचं लक्ष गेलं, पण ते मुख्यतः नाटकाकडे. दंडार अजून आडबाजूलाच आहे आणि ती अंगात मुरलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यांचं शूटिंग मी करत आलोय. पण सगळं समोरून, एका ट्रायपॉडवरून. शिकणारी पोरं व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, हा गाल आत ओढला तेव्हा जबडा कुठे गेला? भुवई उचलली की मान किती वळली? समोरून ते कळत नाही. बुवांच्या शेजारी बसून शिकणाऱ्याला ते आपोआप दिसायचं, कारण तो डोकं इकडे-तिकडे करून पाहू शकायचा.

माझ्या मनात आहे ते असं : दोन कॅमेरे लावायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि त्या दोन चित्रांवरून मधल्या कोणत्याही कोनातला चेहरा कॉम्प्युटरवर तयार करायचा. पोराने माऊस ओढला की चेहरा वळला पाहिजे. दोन मिररलेस कॅमेरे आहेत, लेन्स सारख्या आहेत. प्रश्न तीन. दोघांत अंतर किती ठेवू? चेहरा किती अंशांपर्यंत फिरवता येईल? आणि जे दिसेल ते बुवांचंच असेल ना, की कॉम्प्युटरने मनाने काढलेलं?

मनीषा_वर्धा

दादा, तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, त्याकडे येतेच. इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवते म्हणून सविस्तर लिहिते.

अंतर हिशेबाने ठरतं. दोन कॅमेरे समांतर ठेवले की एकच बिंदू दोन चित्रांत वेगवेगळ्या जागी पडतो. हे सरकणं, म्हणजे डिस्पॅरिटी, जवळच्या बिंदूचं जास्त, लांबच्याचं कमी. सूत्र सोपं आहे : कॅमेऱ्यापासूनचं अंतर = फोकल लेंग्थ × दोन लेन्समधलं अंतर ÷ डिस्पॅरिटी. फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये घ्यायची.

समजा फोकल लेंग्थ १५०० पिक्सेल, चेहरा १ मीटरवर. दोन लेन्समध्ये माणसाच्या डोळ्यांइतकं, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर गालाची डिस्पॅरिटी येते ९७.५ पिक्सेल. नाकाचा शेंडा अडीच सेंटिमीटर पुढे धरला तर त्याची १००. म्हणजे अख्खं नाक अडीच पिक्सेलमध्ये बसवायचं! एका पिक्सेलची चूक झाली की खोलीत, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतरात, सेंटिमीटरभर फरक. तेच अंतर २० सेंटिमीटर केलं तर गाल ३००, नाक जवळपास ३०८. आता नाकाला आठ पिक्सेल मिळाले आणि एका पिक्सेलची चूक साधारण साडेतीन मिलिमीटरवर आली.

मग आणखी दूर का नेऊ नये? कारण दूर गेलं की दोन कॅमेरे दोन वेगळे चेहरे पाहतात. डाव्याला नाकाची डावी भिंत दिसते, उजव्याला ती नाकाआड जाते. जे एकालाच दिसतं त्याची जोडी लागत नाही. १ मीटरवर ५० सेंटिमीटर अंतर म्हणजे २८ अंशांचा कोन, आणि तिथपर्यंत चेहऱ्याची जुळणी जमते. १ मीटर अंतर म्हणजे ५३ अंश, तिथे नाकाच्या बाजू आणि कानाकडचा भाग हातून गेलाच म्हणून समजा.

आता तिसरा प्रश्न. दोन कॅमेऱ्यांच्या मधला जो पट्टा आहे, त्यातला चेहरा दोन्हीकडून पाहिलेल्या चेहऱ्यातून बनतो. स्टीव्हन साइट्झ आणि चार्ल्स डायर यांनी १९९६ साली व्ह्यू मॉर्फिंग म्हणून हे मांडलं : दोन्ही चित्रं आधी समांतर करून घ्या, जुळलेले बिंदू एकातून दुसऱ्यात सरळ रेषेत सरकवा, आणि मग हव्या त्या कोनात वळवा. चित्र समांतर न करता नुसतं विरघळवलं तर मध्येच नाक वाकतं, जबडा आक्रसतो. समांतर करून केलं तर मधलं चित्र भूमितीला धरून राहतं, खरोखर तिथे कॅमेरा ठेवल्यासारखं. पट्ट्याच्या बाहेर गेलात की मात्र कॉम्प्युटरकडे पुरावा नाही. तिथे तो भरेल ते अंदाजाने.

वऱ्हाडी_मुलगा

मूळचा अकोटचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दादा, तुमची तळमळ पोचली. पण एवढा खटाटोप करायची गरज आता राहिली नाही असं वाटतं. एका फोटोवरून पूर्ण चेहरा फिरवणारी मॉडेल्स फुकट मिळतात. जुनं समोरून केलेलं शूटिंग तुमच्याकडे आहेच, तेच टाका. शिवाय फोटोंवरून नवा कोन काढणाऱ्या नव्या पद्धती आहेत : २०२० मध्ये नर्फ आलं, २०२३ मध्ये गॉशियन स्प्लॅटिंग. स्टिरिओ, म्हणजे दोन कॅमेऱ्यांची चित्रं, जुळवत बसणं ही आता मागची गोष्ट झाली.

पांदण

भाऊ, मी दारव्ह्याकडचा, शेती करतो, सीझनमध्ये व्हिडिओ मिक्सिंग. एका फोटोवाल्या कामाचं म्या पाह्यलं ते सांगतो.

आमच्या बाबाचा एकच चांगला फोटो होता, उजव्या बाजूनं काढेल. एका दुकानानं त्याच्यावरून चेहरा फिरते असा व्हिडिओ करून देल्ला. तेरवीच्या वर्षभरानं घरचे सारे बसलो पाह्याले. बाबाच्या डाव्या गालावर बैलाचं शिंग लागल्याचा लांब व्रण होता. थ्या व्हिडिओत चेहरा डावीकडं वळला अन् गाल एकदम गुळगुळीत. आई म्हणे, हा कोण माणूस आहे? मले त्या दिवशी समजलं का जे फोटोत नाई ते मशीन दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यातून आणून चिटकवते.

झाडीवाल्या दादाचं बरोबर आहे. बुवाचा गाल बुवाचाच पायजे.

मनीषा_वर्धा

पांदण दादा, तुम्ही लिहिलंत तेच या विषयाच्या मुळाशी आहे.

वऱ्हाडी_मुलगा, एका फोटोच्या पद्धती कुठून आल्या ते बघ. फोल्कर ब्लांझ आणि थॉमस फेटर यांनी १९९९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत २०० तरुण चेहरे लेझरने स्कॅन केले, १०० बायका आणि १०० पुरुष. त्यातून सरासरी चेहरा आणि त्याचे फरक काढले. नवा फोटो आला की या फरकांची बेरीज-वजाबाकी करून त्याच्यासारखा चेहरा जुळवायचा. कल्पना फार मोठी होती आणि पुढचं बरंच काम तिच्यावर उभं राहिलं. पण त्या २०० जणांत ऐंशीचा दंडारी नाही. आजची मॉडेल्स लाखो फोटोंवर शिकतात, तरी न दिसलेला गाल ती शिकलेल्या चेहऱ्यांवरूनच भरतात. साइट्झ-डायर यांनीसुद्धा मोनालिसाच्या चित्रावर एक प्रयोग केला होता. चेहरा दोन्हीकडे सारखा मानून चित्राचं आरशातलं रूप दुसरा कॅमेरा म्हणून वापरलं. चित्रासाठी ते चाललं. व्रण असलेल्या माणसाला ते चालणार नाही.

नर्फ आणि स्प्लॅटिंग चांगलीच आहेत, पण त्यांनाही निरनिराळ्या कोनांतली बरीच चित्रं लागतात, आणि बोलत्या-हलत्या चेहऱ्याची ती एकाच क्षणी लागतात. दोनच चित्रं दिली तर मध्ये भोकं पडतात किंवा पुन्हा शिकवलेल्या अंदाजावर भिस्त ठेवावी लागते. दादांनी कॅमेरे नीट लावून नीट शूट केलं तर पुढे कोणत्याही पद्धतीने ते वापरता येईल. शूटिंगच समोरून असेल तर कोणतीही पद्धत आली तरी बाजू मिळायची नाही.

वऱ्हाडी_मुलगा

ताई, पटलं. पांदण भाऊ, तुमच्या आईंचं वाक्य वाचून थांबलोच. कोडिंगची मदत लागेल तिथे मी आहे, मनापासून.

झाडीचा_कॅमेरा

पांदण दादा, मनापासून आभार. मनीषाताई, हिशेब कागदावर उतरवून घेतला. म्हणजे दोन कॅमेऱ्यांत २५-२८ अंशांचाच पट्टा मिळतो. मला जबडा बाजूने दाखवायचा असेल तर जास्त कॅमेरे लागतील, बरोबर? तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांचे कॅमेरे बुक असतात, पण त्याआधी ब्रह्मपुरीच्या मित्राकडून आणखी दोन मिळतील.

मनीषा_वर्धा

बरोबर. चार कॅमेरे कमानीत लावा, शेजारच्या दोघांत २५ अंश ठेवा, म्हणजे तीन जोड्या आणि ७५ अंशांचा सलग पट्टा. चेहऱ्यापासून सगळे सारख्या अंतरावर. चेहऱ्याने फ्रेम भरली पाहिजे, कारण कातडी तशी सपाट रंगाची असते आणि जुळवणीला बारीक खुणा लागतात. सुरकुत्या, तीळ, दाढीचे खुंट, छिद्रं, हेच आपले आधार. झ्युरिकच्या डिस्ने रिसर्चमध्ये २०१० साली टाबो बीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वेळी टिपलेल्या फोटोंतून, कातडीवरच्या छिद्रांपर्यंतचा तपशील असलेला चेहरा काढून दाखवला. तुमच्या बुवांच्या सुरकुत्या या कामात वरदान आहेत. विशीतल्या तुकतुकीत गालापेक्षा तो चेहरा फार चांगला जुळेल.

कॅलिब्रेशनला, म्हणजे कॅमेऱ्यांची मापं काढायला, बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा कागद लागतो. झांग झेंगयोऊ यांनी २००० साली मांडलेली पद्धत ओपनसीव्ही या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. पट वेगवेगळ्या तिरक्या कोनांत धरून सगळ्या कॅमेऱ्यांतून फोटो घ्यायचे, म्हणजे प्रत्येक लेन्सचा बाक आणि कॅमेऱ्यांची एकमेकांतली जागा निघते. दोन सूचना. कागद पुठ्ठ्यावर लावू नका, दमट हवेत वाकतो, काचेवर किंवा जाड प्लायवर चिकटवा. आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणल्यावर चौकट पट्टीने मोजा. फाइलमध्ये ३० मिलिमीटर लिहिलं असलं तरी प्रिंटर ती बारीक करतो, आणि तेवढीच चूक पुढे प्रत्येक मापात येते. कॅलिब्रेशननंतर झूम, फोकस, ट्रायपॉड कशालाही हात लावायचा नाही.

वऱ्हाडी_मुलगा

एक मोठी अडचण राहिली : सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फ्रेम घेतली पाहिजे, आणि मिररलेसमध्ये ती सोय सहसा नसते. टाळी वाजवून आवाजावरून व्हिडिओ जुळवला तरी अर्ध्या फ्रेमचा फरक राहू शकतो. ३० फ्रेमला अर्धी फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. बुवांनी मान सेकंदाला १० सेंटिमीटर या सावकाश वेगाने हलवली तरी तेवढ्यात चेहरा १.७ मिलिमीटर सरकतो. ताईंच्याच आकड्यांनी बघितलं तर चित्रात अडीच पिक्सेल, आणि खोलीत आठ मिलिमीटरची खोटी फुगवटी. १०० फ्रेमने शूट केलंत तर अर्धी फ्रेम ५ मिलिसेकंद आणि चूक अडीच मिलिमीटर. तेवढी मी सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमच्या मधली फ्रेम काढून कमी करू शकतो.

पुढेमागे पैसे जमले तर रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर घ्या. त्याच्यावर दोन कॅमेरे थेट लागतात, आणि ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा घेतला तर बाहेरून इशारा देऊन दोन्ही एकदम उघडता येतात.

झाडीचा_कॅमेरा

१०० फ्रेमची सोय चारही कॅमेऱ्यांत आहे. शटर १/१०० ठेवतो. आमच्याकडचे एलईडी ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे येत नाहीत. नाहीतर एका कॅमेऱ्यात गाल उजळ, दुसऱ्यात काळपट, मग जुळणार कसा? व्हाइट बॅलन्स, आयएसओ, सगळं हाताने लॉक करणार. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरचे व्हिडिओ लाइट वेगळे ठेवतोय.

पडद्यामागे

वडसा देसाईगंज. कंपनीच्या नाटकांत रंगभूषा करतो. मले कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण चेहऱ्याचं कळते म्हणून लिहितो. आमचा कलावंत आधी खोबरेल तेल चोळते, म्हणजे रंग नंतर सहज निघते. त्याच्यावर रंग, वरून पावडर. रात्रभर घाम येते तशी पावडर जाते अन् नाक-कपाळ चकाकते. ही चकाकी तुमच्या जुळवणीले त्रास देईल काय?

मनीषा_वर्धा

दादा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. देईल, आणि फार देईल.

चकाकी ही कातडीवरची खूण नाही, ते दिव्याचं प्रतिबिंब आहे. डाव्या कॅमेऱ्याला ते नाकाच्या एका जागी दिसतं, उजव्याला दुसऱ्या. प्रोग्रॅम त्या दोन ठिपक्यांना एकच बिंदू समजून जोडतो. फुगीर पृष्ठभागावरचं प्रतिबिंब त्या पृष्ठभागाच्या आत, मागे असल्यासारखं भासतं, म्हणून हिशेबात नाकाच्या शेंड्यावर खड्डा पडतो. बुबुळाचंही तेच. डोळ्यातला दिव्याचा ठिपका मधल्या चित्रात दुहेरी होतो आणि नजर भलतीकडे गेल्यासारखी वाटते. दंडारीत नजर हरवली तर उरलं काय?

उपाय दोन. दिव्यापुढे मोठी पांढरी चादर ताणा, म्हणजे चकाकीचा टोकदार ठिपका न होता ती पसरते. आणि दिव्यावर पोलरायझर शीट, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा उजेड जाऊ देणारी, लेन्सवर पोलरायझर फिल्टर त्याच्याशी ९० अंशांत फिरवून. चकाकीचा उजेड पोलराइझ्डच राहतो, तो अडतो. कातडीच्या आत शिरून बाहेर आलेला उजेड विस्कटलेला असतो, तो येतो. उजेड बराच कमी होतो, तेवढे दिवे वाढवा. डोळ्यातला ठिपका यात पूर्ण मेला की डोळा निर्जीव दिसतो, म्हणून एका जोडीला फिल्टर थोडा कमी फिरवून पाहा.

रंग मात्र मदत करेल. अमेरिकेत मोव्हा कंपनीने २००६ साली चेहऱ्यावर अंधारात चमकणारा रंग स्पंजने ठिपक्या-ठिपक्यांनी लावून कॅमेऱ्यांना खुणा पुरवल्या होत्या. तुमची पावडर बोटाने थोडी असमान टिपली तरी जुळवणीला आधार मिळेल.

पडद्यामागे

मग मी स्वतः येतो रंग लावाले. तेल कमी, पावडर दोनदा, अन् मधीमधी टिपून घेईन.

सिस्टर_उपकेंद्र

धागा वाचतेय आणि माझ्या कामातलं एक विचारावंसं वाटतंय. धानोरा भागात उपकेंद्रात आहे. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन दवाखान्यावर, रुग्णांचं डॉक्टरांशी बोलणं करून देते. रेंज असली की चित्र चांगलं येतं, पण आजीबाई मला म्हणतात, डॉक्टर माझ्याकडे बघतच नाही. ते बघत असतात, पण त्यांच्या स्क्रीनकडे, कॅमेरा वर असतो. आणि इकडे आजीपण स्क्रीनकडेच बघते. मनातलं दुखणं सांगायचं असेल तर नजरेला नजर लागते. तुमच्या या पद्धतीने ते सुधारेल का?

मनीषा_वर्धा

सिस्टर, खरं सांगायचं तर दोन कॅमेऱ्यांनी चेहऱ्याचा मधला कोन काढायचं बरंच काम याच प्रश्नासाठी झालं. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधनशाळेत अँटोनियो क्रिमिनिसी, जेमी शॉटन, अँड्र्यू ब्लेक आणि फिलिप टॉर यांनी २००३ साली मॉनिटरच्या डाव्या-उजव्या कडेला एकेक कॅमेरा लावला. दोन्हींतून स्क्रीनच्या मध्यावरचा एक आभासी कॅमेरा तयार केला. माणूस स्क्रीनकडे पाहतो, म्हणजे त्या आभासी कॅमेऱ्याकडेच पाहतो. समोरच्याला वाटतं, माझ्याकडे पाहतोय. चित्राची एकेक आडवी ओळ घेऊन कोणता बिंदू दोन्हीकडे आहे आणि कोणता एकाच कॅमेऱ्याला दिसतोय हे ठरवायची त्यांची रीत होती. नाकाची झाकलेली बाजू त्यामुळे सांभाळली गेली.

लॅपटॉपवर चेहरा ५० सेंटिमीटर दूर आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या १२ सेंटिमीटर वर असेल तर नजर १३-१४ अंश खाली पडल्यासारखी दिसते. स्टिरिओने भरून काढता येण्याजोगा हा फरक आहे. गुगलने २०२१ मध्ये स्टारलाइन दाखवलं, तेच २०२५ पासून बीम नावाने सहा कॅमेऱ्यांसह येतंय, पण ते मोठ्या कार्यालयांसाठी. फोनवर अ‍ॅपलने २०२० मध्ये एकाच कॅमेऱ्यावर डोळ्यांची दिशा बदलायची सोय दिली. तिथे डोळे सॉफ्टवेअर वळवतं, आणि रुग्णाच्या बाबतीत मला ते नको वाटतं. डोळ्यांतला पिवळेपणा, पापणीची सूज हे डॉक्टरांना जसंच्या तसं दिसायला हवं.

आजच करता येण्यासारखं : डॉक्टरांची खिडकी छोटी करून स्क्रीनवर अगदी कॅमेऱ्याखाली सरकवा आणि आजींना थोडं मागे बसवा. अंतर दुप्पट केलं की कोन निम्म्यावर येतो.

सिस्टर_उपकेंद्र

उद्याच करते. डॉक्टरांनापण खिडकी वर घ्यायला सांगेन. आभारी आहे ताई.

जुना_वाचक_भंडारा

निवृत्त शिक्षक आहे. वाचतोय आणि बरं वाटतंय. एक काळजी मांडतो. चेहरा सर्व बाजूंनी नोंदला गेला की तो कोणाच्याही तोंडी काहीही घालायला वापरता येतो. समोरचा एक फोटो चोरणं वेगळं आणि ७५ अंशांतला बोलका चेहरा हाती पडणं वेगळं. कलावंतांना हे आधी समजावून सांगा, सही घेण्याआधी. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा संसदेत झाला, त्याचा गाभाही संमती हाच आहे. पण कायद्यापेक्षा आपल्या माणसाच्या विश्वासाचा प्रश्न आहे. कागद मराठीत लिहा, मोठ्या अक्षरांत, आणि कलावंताच्या घरच्यांसमोर वाचून दाखवा. कशासाठी वापरणार, कोणाला देणार, नको झालं तर कसं काढून टाकणार, हे त्यात असावं.

झाडीचा_कॅमेरा

गुरुजी, तसाच कागद करतोय, मसुदा तुम्हाला पाठवतो. ज्या बुवांपासून सुरुवात करायची त्यांना घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन अटी घातल्या. पहिली, व्हिडिओ दंडार शिकणाऱ्यालाच द्यायचा, मोबाइलवर फिरवायचा नाही. दुसरी, त्यांचा डावा डोळा अधू आहे, पापणी अर्धी मिटलेली असते. म्हणाले, मी सोंग याच डोळ्याने केलं, लोक याच डोळ्याला हसले-रडले, तो सरळ करून ठेवू नका.

मनीषा_वर्धा

म्हणूनच चेहरा दोन्हीकडे सारखा मानणारी कुठलीही पायरी यात घ्यायची नाही. वऱ्हाडी_मुलगा, लक्षात ठेव.

आणि दादा, बुवांना बसवण्याआधी एक परीक्षा घ्या. घरातल्याच कुणाला बसवा, तीन कॅमेरे लावा. मधल्याचं चित्र बाजूला ठेवा, प्रोग्रॅमला दाखवू नका. कडेच्या दोघांवरून मधला चेहरा काढा आणि खऱ्या मधल्या चित्राशी ताडून बघा. जिथे फरक दिसेल तिथे आपली पद्धत अंदाज करतेय. आंधळेपणाने भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

झाडीचा_कॅमेरा

केलं. धाकट्या भावाला बसवलं, पडद्यामागे दादांच्या सांगण्यावरून पावडर लावून. कडेचे दोन कॅमेरे २५ अंशांत. वऱ्हाडी_मुलगा भाऊंनी रात्री प्रोग्रॅम चालवून पाठवला. कपाळ, गाल, हनुवटी बघून घरचे म्हणाले, हा तर फोटोच आहे. खऱ्या मधल्या चित्रावर ठेवून पाहिलं तरी जवळजवळ तंतोतंत. ओठाच्या कोपऱ्याची घडीसुद्धा आली.

बिघडलं ते असं. मिशीची कडा थरथरते, केस एकमेकांत मिसळतात. नाकपुडीच्या खाली एक करडा डाग आला. कानाची पाळी दुहेरी झाली. आणि फेट्याच्या कडेला मागची भिंत चिकटून सोबत ओढली जाते.

वऱ्हाडी_मुलगा

मागची भिंत सोपी आहे. मागे एकरंगी गडद कापड लावा, चेहऱ्यात नसलेल्या रंगाचं. नाकपुडीखालचा डाग म्हणजे एकाच कॅमेऱ्याला दिसलेली जागा आहे, तिथे ज्याला दिसली त्याचंच चित्र घ्यायला प्रोग्रॅमला सांगितलंय, पुढच्या वेळी निवळेल. केस मात्र कठीणच. एका पिक्सेलमध्ये केसही असतो आणि मागचा गालही, दोघांची खोली वेगळी.

एक सुचवतो. ज्या जागी जुळवणी पक्की नाही ती शिकणाऱ्याला दिसू दे. मी त्या जागा हलक्या करड्या छटेत दाखवायची सोय करतोय, बटण दाबलं की दिसेल. म्हणजे पोरगं अंदाजालाच बुवांची अदा समजून बसणार नाही.

पांदण

हे लय मोठं काम केलं भाऊ. त्या दुकानवाल्यानं एवढं जरी करडं दाखवलं असतं तं आई फसली नसती.

पडद्यामागे

बुवाचं म्हणणं आहे का एकदा रंग न लावता करा अन् एकदा रंग लावून. रंगाखाली चेहरा कसा चालते ते पोराले कळलं पायजे. मंडईच्या आधीचा आठवडा मोकळा आहे.

झाडीचा_कॅमेरा

ठरलं. दोन्ही करू. ट्रायपॉडच्या जागा शाळेच्या व्हरांड्यात चुन्याने आखून ठेवतो. ताई, साठवण्याचं काय करू? चार कॅमेरे, १०० फ्रेम.

मनीषा_वर्धा

प्रत्येक कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी, चौघांचे १८० जीबी. मूळ फाइल दाबून छोट्या करू नका, दाबल्या की कातडीच्या बारीक खुणाच आधी जातात. प्रत्येक बैठकीसोबत त्याच दिवशीचे पटाचे फोटो, चौकटीचं मोजलेलं माप आणि लेन्सचं नाव एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तयार झालेला फिरता चेहरा दुय्यम आहे, तो पुन्हा करता येतो. १९९६ ची रीत वेगळी होती, २०२३ ची वेगळी, पुढची आणखी वेगळी असेल. मूळ जोड्या आणि पटाचे फोटो असले की बुवांचा चेहरा प्रत्येक नव्या रीतीने पुन्हा काढता येईल.

झाडीचा_कॅमेरा

दोन हार्ड डिस्क घेतो, एक माझ्याकडे, एक ब्रह्मपुरीच्या मित्राकडे. प्लाय आजच कापून आणलं, पट उद्या चिकटवतो. माप पट्टीने घेऊन इथे टाकतो, एकदा डोळ्याखालून घाला.